गराडे मॅडमची सावड

गराडे मॅडम गुरुवारी सकाळी गेल्या. त्या घरी चहा करत होत्या. अकरा वाजता दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर त्यांचा तास होता. शनिवारी तो वर्ग त्यांच्यातल्याच कुसुमच्या घरी आवणीला, म्हणजे भात लावायला, जाणार होता.

त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयाचं कुलूप काढत होते. "ताई गेली," तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले.  आत जाऊन बसले आणि पलीकडच्या वर्गात मुलं जमायला लागल्याचे आवाज ऐकत राहिले. त्यांना अजून कळलं नव्हतं. कोणीतरी फळा पुसत होतं.

माझं ग्रंथालय आणि तो वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. एका हॉलच्या दोन खोल्या केल्या तेव्हाची. त्यामुळे मॅडमचा तास मी कधी पाहिला नाही, वर्षानुवर्षं ऐकला. त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं त्या भिंतीतून आलेलं आहे, आणि उरलेलं दुपारच्या चहातून.

आमचं कॉलेज जुन्या हायवेला, सोमाटण्याच्या जवळ. बीबीएचं. म्हणजे बारावीनंतर तीन वर्षं व्यवस्थापन शिकायचं. माहितीपत्रकावर कोट-टाय घातलेली मुलं हसताना दिसतात. ती कुठल्या कॉलेजची आहेत हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. आमची मुलं तळेगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची, लोणावळ्याच्या दुकानदारांची, आणि थोडी आंदर मावळातली. या शेवटच्या मुलांना सकाळची एसटी चुकली की दिवस चुकतो. ती कडेच्या बाकांवर बसत आणि विचारल्याशिवाय बोलत नसत.

मॅडम त्याच भागातल्या. घरची भातशेती, गावात शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं चालून. नोकरी लागल्यावर लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला राहायला आल्या. लग्न केलं नाही. पन्नाशी ओलांडली होती. उंची कमी, चाल भरभर. पावसाळ्यात साडीखाली कॅनव्हासचे बूट घालत आणि स्कूटरवरून येत. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. "काय लायब्ररी, चहा सांगू का?" असं दारातून विचारत आणि उत्तराच्या आधीच सांगून मोकळ्या होत.

त्या हजेरी वेगळ्या पद्धतीने घेत. नावं पुकारत नसत. एकेकाला उठवून शेजाऱ्याबद्दल विचारत.

"रोहन, तुझ्या शेजारी कोण नाही?"

"अक्षय, मॅडम."

"का नाही?"

"माहीत नाही, मॅडम."

"शेजारचं माणूस दोन दिवस दिसत नाही आणि तुला माहीत नाही? उद्या तू मॅनेजर होणार. कंपनीला आग लागली तर तुला पेपरात वाचून कळेल."

वर्ग हसायचा. रोहन म्हणजे लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याचा मुलगा. गोरा, बोलका, अंगावर रोज नवा टीशर्ट. त्याला टोमणे सर्वांत जास्त बसत आणि त्याला ते आवडतही असत. दुसऱ्या दिवशी तो अक्षयच्या तापाचं इत्थंभूत वर्णन करायचा, मग त्या म्हणायच्या, "पुरे. ताप किती ते डॉक्टर बघतील. नोट्स कोण देणार ते सांग."

तास सुरू करताना त्या खडूचे दोन तुकडे करत. एक स्वतःला, दुसरा सगळ्यांत जवळ बसलेल्याला. "आज अर्धं तुझं." म्हणजे अर्धा तास त्या मुलाने फळ्यापाशी उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात पुढची बाकं रिकामी पडायची. मग त्या मागच्या दाराने वर्गात शिरायच्या.

इंग्रजी त्या मावळी वळणानेच बोलत. एकदा एका नव्या प्राध्यापकाने स्टाफरूममध्ये त्यांच्या एका उच्चारावर हसू आवरलं नाही. त्यांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "सर, इंग्रजी म्हणजे आमच्याकडे जर्सी गाय. दूध काढायचं, वैरण घालायची. ओवाळत बसायचं नाही." त्या सरांनी पुढे तोच दाखला आपल्या तासाला वापरला. भिंतीतून मला तोही ऐकू आला.

सर्वेक्षणाची गोष्ट मी अनेकांना सांगितली आहे. मॅडम शिकवत त्या मार्केटिंगच्या विषयात गिऱ्हाइकाच्या सवयींचा अभ्यास असतो. मॅडमनी वर्गाला भुशी धरणावर पाठवलं: पर्यटकांना भेटा, काय विकत घेतात, का घेतात ते विचारा, पन्नास जणांचे फॉर्म भरून आणा. चार दिवसांनी रोहनच्या गटाने रंगीत आलेखांसह अहवाल सादर केला. बोलणं झालं, टाळ्या झाल्या. मग भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला, शांत.

"कोणत्या दिवशी गेला होता म्हणालास?"

"रविवारी, मॅडम."

"रविवारी पाणी वाढलं म्हणून पोलिसांनी धरण बंद केलं होतं. माझ्या दारावरून गाड्या परत गेल्या. ही पन्नास माणसं तुला कुठं भेटली रे? सांडव्यात?"

कोणी हसलं नाही. सगळे फॉर्म त्या गटाने कँटीनमध्ये बसून, वडापाव खात भरले होते.

"परत जा," मॅडम म्हणाल्या. "पन्नास नकोत. एक माणूस आणा. पण खरा."

रोहन गेला, आणि कणसं भाजणाऱ्या एका बाईशी दुपारभर बोलून आला. पर्यटक कणीस घेतात ते भुकेने नाही, हात गारठतात म्हणून, असं तिने त्याला सांगितलं होतं. या एका वाक्यावर मॅडमनी दोन तास घेतले. त्या वर्षीपासून रोहनने त्यांना खोटं सांगणं सोडलं. बाकीच्यांना सांगत असावा.

पण माझ्या लेखी मॅडम म्हणजे सावड. ती गोष्ट सांगायची तर कुसुमपासून सुरुवात करायला हवी.

कुसुम आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीतली. घरी भाताची थोडी खाचरं, आई-वडील, लहान भाऊ. तिच्या वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिली. तिच्या पहिल्या वर्षी आवणीच्या दिवसांत ती वर्गातून नाहीशी झाली, जशी त्या भागातली सगळीच मुलं दरवर्षी होत. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. ती ठरावीक दिवसांत व्हावी लागते, आणि आता मजूर मिळत नाहीत; जो तो कारखान्यात नाहीतर हॉटेलात. मग घरचीच माणसं पंधरा-पंधरा दिवस वाकतात. तिकडे हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाते, डिफॉल्टरच्या यादीत नाव लागतं, आणि परीक्षेला बसता येत नाही.

यावर वाट ठरलेली होती. मुलं आजारपणाचं सर्टिफिकेट आणत. दरवर्षी, सगळी, एकाच आजाराचं. मॅडम ती चळत बघून म्हणाल्या होत्या, "अख्ख्या आंदर मावळाला दर आषाढात टायफॉइड होतो, आणि तरी भात झकास येतो."

कुसुमने सर्टिफिकेट आणलं नाही. गैरहजेरीचं कारण म्हणून अर्जात लिहिलं: आवणी. अर्ज फेटाळला गेला. खोटं लिहिलेली सगळी परीक्षेला बसली. खरं लिहिणारी एकटी राहिली आणि तिचं वर्ष गेलं.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य चांगले गृहस्थ. ते म्हणाले, नियम विद्यापीठाचा आहे, मी काय करू. मॅडम तिथून थेट ग्रंथालयात आल्या. बसल्या नाहीत. खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "माझंपण एक वर्ष असंच खाचरात गेलेलं आहे, लायब्ररी. भात आला. वर्ष न्हाई आलं." राग आला की त्यांची भाषा गावाकडे वळायची. "आता या वर्गातलं एकपण पोरगं आवणीपायी घरी बसणार न्हाई. आणि टायफॉइडपण होणार न्हाई."

कुसुमला परत पहिल्या वर्षात आणण्यासाठी त्या तिच्या वाडीवर गेल्या. तिच्या वडिलांनी, लक्ष्मणआबांनी, स्पष्ट सांगितलं होतं: एक साल गेलं ते गेलं, आणखी एक गेलं तर पोरगी घरी. मॅडमनी त्यांच्याकडून तेवढीच मुदत मागून घेतली. कुसुम परत आली, रोहनच्या वर्गात.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी वर्गासमोर बेत मांडला. सावड करायची. सावड ही त्या भागातली जुनी रीत: आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर लावायचं, उद्या माझं. पैशाचा व्यवहार नाही, माणसाला माणूस. पंधरा दिवसांचं काम एका दिवसात उरकतं. पूर्वी गावं करत. हल्ली माणसंच उरली नाहीत म्हणून बंद पडत चाललेली. मॅडम म्हणाल्या, माणसं माझ्या वर्गात आहेत. शनिवार-रविवार जायचं, सोमवारी सगळी मुलं बाकावर.

मला त्यांनी ओढूनच नेलं. "चल, जरा पुस्तकाबाहेर." लक्ष्मणआबा ओसरीवर बसून दोरी वळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई जमायचं, मॅडम."

"का, आबा?"

"सावड म्हंजी फेडाया लागती. ही पोरं तळेगावची, लोणावळ्याची. आमी त्यांच्या घरी जाऊन काय लावायचं? फरशी?"

"ते मदत म्हणून येतायत."

"मदत नगं. फुकाटचा हात आमी घेत न्हाई. उद्या म्हनतील, कुसुमच्या बापाचं भात आमी लावलं."

मला वाटलं, संपलं. मॅडम मात्र खूश झालेल्या दिसल्या. परत येताना स्कूटरवर मागे बसलेल्या मला ओरडून सांगत होत्या, "बरोबर बोलला म्हातारा! मीच चुकले. फेड नसली तर ती सावड न्हाई, देणगी झाली."

सोमवारी भिंतीपलीकडे त्यांनी प्रत्येकाला विचारलं: तुमच्या घरी असं काय काम आहे, जे एका माणसाला जड जातं आणि वीस जणांना खेळ वाटतो?  मग रोहनने सांगितलं, दिवाळीआधी चिक्कीचे खोके भरायचे असतात, पप्पांची झोप उडते. अक्षयच्या आईची खानावळ होती. गणपतीत मोदकांची ऑर्डर असायची. एकीच्या घराला रंग द्यायचा राहिला होता. हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा म्हणाला, "माझं इथं घरच नाही. मला अकाउंट्स शिकवा." अकाउंट्समध्ये वर्गात कुसुमच्या तोडीचं कोणी नव्हतं.

मॅडम पुन्हा वाडीवर गेल्या. आबांनी सगळं ऐकलं. "मोदक व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आमची बाई मोदक झ्याक करती," ते म्हणाले आणि दोरी बाजूला ठेवली.

पहिल्या वर्षी वर्गाने वेळापत्रक केलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकात असतं तसं, चौकटी-चौकटींचं, रंगीत छापलेलं. कोणाच्या घरी कधी जायचं ते हजेरीच्या क्रमांकाप्रमाणे लावलेलं होतं. पहिल्या शनिवारी सगळे ज्या घरी पोचले तिथली रोपं अजून दोन बोटं होती. दुसऱ्या घरची रोपं आठवड्यापूर्वीच लावायला हवी होती. चाळीस मुलं बांधावर उभी, हातात काम नाही, आणि घरधनीण सगळ्यांना चहा पाजून दमली.

सोमवारचा तास मला शब्दनशब्द आठवतो.

"कुसुम, तुला ठाऊक होतं ना, कुणाचं रोप कधी तयार होणार?"

"व्हय, मॅडम."

"मग बोलली का न्हाईस?"

 मग कुसुमचा बारीक आवाज. "मॅडम, कलरमधी होतं."

वर्गात हशा पिकला. मॅडमही हसल्या, पोटभर. मग खडू मोडल्याचा आवाज आला. "हे घे. आज अर्धं न्हाई, पुरं घे. आणि ते कलरमधलं काढून टाक भिंतीवरचं." कुसुमने त्या दिवशी पहिल्यांदा फळ्यापाशी उभं राहून वर्गाला शिकवलं: रोपांच्या वाफ्यावर राब कधी भाजला, पेर कधी झाली, वरच्या खाचरात पाणी आधी येतं की खालच्या. तिचा आवाज सुरुवातीला भिंतीतून ऐकू येत नव्हता. तासाच्या शेवटी येत होता.

ती आवणी पार पडली. त्या वर्षी एकाही मुलाने सर्टिफिकेट आणलं नाही. दिवाळीआधी आबा, कुसुम आणि वाडीतली दहा-बारा माणसं लोणावळ्याला जाऊन खोके भरून आली. रोहनच्या वडिलांनी निघताना पाकीट पुढे केलं, तेव्हा आबांनी त्यांना चांगलंच सुनावलं म्हणतात.

आणि मग हे दुसरं वर्ष. शनिवारी कुसुमच्या घरची पाळी, आणि गुरुवारी मॅडम गेल्या.

शुक्रवारी कॉलेज बंद होतं. तरी मुलं आली. फाटकापाशी उभी होती, काय करायचं ते न कळून. लक्ष्मणआबाही आले, कोणाच्या तरी टेम्पोत बसून. टोपी हातात.

"उद्याचं ऱ्हाऊ द्या, पोरांनो," ते म्हणाले. "घरचं मानूस गेल्यावानी हाय. आमचं आमी बघू."

सगळ्यांना ठाऊक होतं, आमचं आमी बघू म्हणजे काय. म्हणजे कुसुम दोन आठवडे खाचरात, पुन्हा यादीत नाव, आणि आबांचा शब्द. कुसुम खाली बघत होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"आबा, रोप थांबेल का?" रोहनने विचारलं.

"रोप कशाला थांबतंय."

"मग आम्ही येतो."

"आरं पर सुतकाचं..."

"तुमच्यात मयत झालं तर सावड मोडतात का, आबा?" हे अक्षयने विचारलं. त्याला शेजाऱ्यांची चौकशी करायची सवय लागली होती.

 आबा म्हणाले, "न्हाई. ज्याच्या घरचं गेलं त्यो बसतो. त्याच्या बदली दुसरा जातो."

"मग आज कोणाच्या घरचं गेलंय, ते सांगा," रोहन म्हणाला. त्याने तोंड फिरवलं.  सगळ्यांच्याच घरचं गेलं होतं, म्हणून कोणालाच बसता येईना. उरला प्रश्न मॅडमच्या जागेचा. गेल्या वर्षी त्या स्वतः ओळीत उभ्या राहून लावत होत्या. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले.

शनिवारी पाऊस लागून होता. टिलरने चिखल करून ठेवला होता. मुलं ओळीत उतरली, नेहमीपेक्षा कमी बोलत. मी साडी खोचून कडेला उभी राहिले आणि रोपांची मूठ हातात घेतली. कुसुमची आई माझ्या शेजारी लावत होती. थोडा वेळ तिने माझं काम पाहिलं.

"ताई, एवढं खोल नगं. पुरताय जनू," ती म्हणाली. "बोटानं टेकवा निस्तं. त्याचं त्ये उभं ऱ्हातंय."

मी बोटाने टेकवलं. ते उभं राहिलं. पुढच्या ओळीत रोहनने कोणाला तरी वाकड्या ओळीवरून टोमणा मारला, अगदी मॅडमच्या सुरात, आणि दोन-चार मुलं हसली. मग स्वतःच दचकल्यासारखी गप्प झाली. आबा बांधावरून ओरडले, "हसा रं. रोपाला काय व्हत न्हाई." दुपार कलायच्या आत खाचरं लावून झाली. सोमवारी कुसुम वर्गात होती.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते बुधवारी संध्याकाळी, स्कूटर लावायच्या पत्र्याखाली. रेनकोटची चेन अडकली होती. त्या एका हाताने ती ओढत होत्या आणि दुसऱ्या हाताने एका पहिल्या वर्षाच्या मुलीला धरून ठेवलं होतं. ती नवी होती, आंदर मावळातली, आणि घरी जायची एसटी सुटेल म्हणून चुळबुळत होती. "एसटी सुटली तर मी सोडीन," मॅडम तिला म्हणाल्या. "आधी सांग, तुझ्या शेजारी कोण बसतं?" मुलीने नाव सांगितलं. "तिला तुझं गाव माहीताय?" मुलीने नाही म्हटलं. "मग उद्या सांग." चेन लागली. एसटी खरोखरच सुटली होती. त्यांनी मुलीला मागे बसवलं आणि वळताना मला हात केला. स्कूटर हायवेला लागली आणि लोणावळ्याची वाट सोडून मुलीच्या गावाकडे गेली.

त्याला आता वर्ष झालं. मॅडमची जागा अजून भरलेली नाही. त्यांचे तास तिघांनी वाटून घेतले आहेत. सावड कॉलेजच्या कुठल्याही कागदावर नाही. ती मुलं ठरवतात, आणि कधी कोणाकडे जायचं ते रोपं बघून ठरतं. या पावसाळ्यातही सगळ्यांची आवणी झाली. कुसुम तिसऱ्या वर्षाला आहे. तिची हजेरी पूर्ण आहे.